मानेचा वरचा मणका मोडला, तर मान जखडायलाच हवी का?

महोदय,

रस्त्यावरच्या अपघातानंतर किंवा घरातल्या घरात पडल्यावर मानेच्या अगदी वरच्या मणक्याला फ्रॅक्चर निघाले, की नातेवाइकांना बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकायला मिळते : 'स्क्रू आणि रॉड टाकून मान फिक्स करावी लागेल.' माणूस वाचला, हातपाय हलताहेत, एवढ्या समाधानात संमतिपत्रावर सही होते. 'फिक्स' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी येतात, हे त्या घाईत कुणी विचारत नाही. मोडलेले हाड जुळेपर्यंत धरून ठेवणे ही एक गोष्ट. शेजारचे दोन मणके हाडाने कायमचे एकमेकांना जोडून टाकणे, म्हणजे फ्यूजन, ही दुसरी. पहिलीत सांधा शिल्लक राहतो, दुसरीत तो जातो. मानेच्या खालच्या भागात एखादा सांधा गेला, तर रुग्णाला फारसा फरक जाणवत नाही. वरच्या दोन मणक्यांमधला गेला, तर तो रोज जाणवतो. म्हणून हे पत्र.

पहिला मणका, ॲटलास, इतर मणक्यांसारखा नसतो. त्याला पुढचा भरीव भागच नाही. तो एक कडे आहे आणि कड्याच्या दोन्ही बाजूंना जाड ठोकळे आहेत. त्यांच्यावर कवटी टेकते. दुसऱ्या मणक्यातून, म्हणजे ॲक्सिसमधून, दातासारखा एक सुळका वर येतो आणि कड्याच्या पुढच्या कमानीला आतून चिकटून उभा राहतो. जात्याचा वरचा दगड मधल्या खिळीभोवती फिरतो, तसे हे कडे सुळक्याभोवती फिरते. 'हो' म्हणताना डोके हलते ते बरेचसे कवटी आणि ॲटलासच्या सांध्यात. 'नाही' म्हणताना हलते ते ॲटलास आणि ॲक्सिसच्या सांध्यात. मान डावीकडे किंवा उजवीकडे जेवढी वळते, त्यातले जवळपास निम्मे वळण, प्रत्येक बाजूला सुमारे ४० अंश, या एकाच सांध्यातून येते. तो जोडून टाकला की दुचाकीवर मागचे वाहन पाहायला खांद्यासकट वळावे लागते, ट्रॅक्टर मागे घेणे अवघड होते. तरुणांत खालचे सांधे हळूहळू थोडी भरपाई करतात. साठीनंतर ते आधीच कडक झालेले असतात, त्यांच्याकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही.

सुळका मागे सरकून मज्जारज्जूवर येऊ नये म्हणून त्याच्या मागून एक आडवा अस्थिबंध गेलेला असतो. या भागातल्या शस्त्रक्रियेचे अर्धे निर्णय या एका पट्ट्याच्या अवस्थेवर अवलंबून असतात. कड्याच्या आतल्या जागेचा ढोबळ हिशेब असा : एक तृतीयांश सुळका, एक तृतीयांश मज्जारज्जू, उरलेली एक तृतीयांश मोकळी. या मोकळ्या जागेमुळेच इथले फ्रॅक्चर झालेली अनेक माणसे स्वतःच्या पायांनी दवाखान्यात येतात, हाताने डोके सावरून धरलेले असते आणि फक्त मान दुखते म्हणतात. आणि म्हणूनच ते निसटतेही. साध्या एक्स-रेत या भागावर दात आणि जबड्याची सावली पडते. बाथरूममध्ये कपाळावर आपटलेल्या आजोबांचा कवटीचा सीटी होतो, 'मेंदूत रक्तस्राव नाही' म्हणून सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि मान तपासायची राहून जाते. वयस्कांत सुळका मोडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच, उभ्या उंचीवरून पडणे. पासष्टीपुढच्या माणसाच्या डोक्याला मार लागला असेल आणि मान दुखत असेल, तर कवटीबरोबर मानेचाही सीटी करावा, १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ छेदांचा.

आता सुळक्याकडे वळू, कारण हालचाल वाचवण्याची सर्वांत चांगली संधी तिथेच आहे आणि सर्वांत जास्त चुकाही तिथेच होतात.

१९७४ मध्ये अँडरसन आणि डी'ॲलोन्झो यांनी केलेले तीन प्रकार आजही वापरात आहेत. पहिला प्रकार टोकाचा, क्वचित दिसणारा. तिसऱ्यात भेग मणक्याच्या भरीव भागात उतरते. तिथे हाडाचा पृष्ठभाग मोठा आणि रक्तपुरवठा चांगला असल्याने बहुतेक वेळा मानेच्या पट्ट्यात किंवा हॅलोमध्ये (कवटीला बसवून डोके स्थिर धरणाऱ्या चौकटीत) ते जुळते. अडचण दुसऱ्या प्रकारात, सुळक्याच्या बुडाशी मोडलेल्या हाडाची. तिथे संपर्काची जागा लहान, मऊ जाळीदार हाड कमी आणि वरचा तुकडा अस्थिबंधांनी वर ओढलेला. तुकडा ५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेला असेल, वय पन्नाशीपुढे असेल, किंवा इजा कळायलाच तीन आठवडे गेले असतील, तर नुसत्या पट्ट्यात हाड न जुळण्याचा धोका बराच वाढतो.

अशा वेळी पुढून एक स्क्रू घालून सुळका त्याच्या बुडाशी आवळून धरता येतो. जपानमध्ये नाकानिशी यांनी १९८० मध्ये आणि व्हिएन्नामध्ये बोलर यांनी १९८२ मध्ये ही पद्धत मांडली. हिच्यात पहिला आणि दुसरा मणका एकमेकांना जोडला जात नाही, त्यामुळे वळण्याचा सांधा जागच्या जागी राहतो. पण अट कडक आहे : भेगेची दिशा. बाजूने पाहताना भेग आडवी असावी किंवा पुढे वर आणि मागे खाली अशी उतरती असावी. स्क्रू खालून पुढून वर मागे जातो, म्हणजे अशा भेगेला तो काटकोनात छेदतो आणि आवळला की तुकडे एकमेकांवर घट्ट बसतात. भेग उलट, म्हणजे पुढे खाली आणि मागे वर गेलेली असेल, तर स्क्रू जवळपास भेगेला समांतर जातो. लाकूड ज्या रेषेत चिरले आहे त्याच रेषेत खिळा ठोकून आवळले, तर तुकडे जवळ येत नाहीत, एकमेकांवरून घसरतात. इथेही तेच होते : सुळका पुढे सरकतो. अशा भेगेत हा स्क्रू घालूच नये. शिवाय आडवा अस्थिबंध शाबूत हवा, हाड ठिसूळ नको, भेगेत चुऱ्याचे तुकडे नकोत आणि फ्रॅक्चर ताजे हवे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या रुग्णसमूहाच्या अभ्यासात सहा महिन्यांच्या आतल्या फ्रॅक्चरमध्ये या स्क्रूने ८८ टक्के हाडे जुळली; दीड वर्षाहून जुन्यांत फक्त २५ टक्के. जुन्या भेगेत मऊ पेशींचा थर साचलेला असतो, स्क्रू तो कितीही आवळो.

शस्त्रक्रियेत रुग्ण पाठीवर असतो. भूल देताना मान मागे वाकवून नळी घालायची नाही. फायबर ऑप्टिक दुर्बिणीने घालायची, तेवढा वेळ डोके सरळ रेषेत हाताने धरून. तोंडात कापसाची गुंडाळी किंवा क्ष-किरण आरपार जाणारा ठोकळा बसवून ते उघडे ठेवतात, कारण सी-आर्मवर, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना चित्र दाखवणाऱ्या क्ष-किरण यंत्रावर, सुळका समोरून उघड्या तोंडातूनच दिसतो. समोरचा आणि बाजूचा असे दोन्ही फोटो शस्त्रक्रियाभर मिळायला हवेत. दोन सी-आर्म असले तर उत्तम. सरकलेला सुळका जागेवर बसला की मगच चीर द्यायची. बसत नसेल, तर ही शस्त्रक्रिया तिथेच थांबवून मागच्या बाजूने जाण्याची तयारी ठेवावी. चीर आश्चर्य वाटेल इतकी खाली, पाचव्या-सहाव्या मणक्याच्या पातळीवर असते, कारण स्क्रूला तिरका उतार तिथूनच मिळतो. आखूड मान, पिंपासारखी छाती किंवा पाठीला आलेला बाक असेल, तर छातीच आड येते आणि तो कोन साधत नाही. हे चीर देण्यापूर्वी कळायला हवे : तार गळ्याच्या बाजूला, स्क्रूच्या ठरलेल्या वाटेच्या रेषेत धरून बाजूचा फोटो घेतला की लगेच कळते.

मार्गदर्शक तार दुसऱ्या मणक्याच्या खालच्या पुढच्या कडेतून आत जाते. इथली नेहमीची चूक म्हणजे कड सोडून थोडे वर, मणक्याच्या पुढच्या सपाट भागावर सुरुवात करणे. मग स्क्रूपुढचे हाड पातळ राहते आणि काही आठवड्यांत स्क्रू पुढून फाडून बाहेर येतो. तार सुळक्याच्या टोकाच्या कठीण हाडापर्यंत न्यायची. तिच्यावरून पोकळ ड्रिल फिरवताना तार ड्रिलबरोबर पुढे सरकू शकते आणि तिच्यापुढे मेंदूचा तळ आहे. म्हणून ड्रिल फिरत असताना सी-आर्मवरची नजर हलू द्यायची नाही. स्क्रू ३.५ किंवा ४ मिलिमीटर जाडीचा, फक्त टोकाकडे आटे असलेला. सगळे आटे भेगेच्या पलीकडे गेले पाहिजेत. एखादा अलीकडे राहिला, तर स्क्रू तुकडे आवळण्याऐवजी भेग उघडी ठेवतो. टोकाच्या कठीण थरात पकड मिळाली नाही, तर स्क्रू मऊ हाडात सैल पडतो. एक स्क्रू की दोन, यावर पूर्वी बराच वाद झाला. नीट बसलेला एक स्क्रूही हाड जुळायला पुरतो आणि सुळका बारीक असेल तर दुसऱ्याचा हट्ट धरू नये.

वयस्क रुग्णांत या पुढच्या मार्गाची मोठी किंमत गिळण्याच्या त्रासात मोजावी लागते. अन्ननलिका बाजूला ओढून धरल्याने ठसका लागतो, अन्न फुप्फुसात जाते आणि न्यूमोनिया होतो. सत्तरीपुढे हाड ठिसूळ असताना या स्क्रूचा आग्रह आम्ही धरणार नाही. तिथे एकतर मागून घट्ट स्थिरीकरण, नाहीतर नुसता पट्टा आणि जुळले नाही तरी मऊ पेशींनी स्थिर झालेला सुळका स्वीकारणे, असा विचार करावा. हॅलोची चौकट तरुणाला १०-१२ आठवडे सोसते. ऐंशीच्या आजींना श्वास घेणे आणि गिळणे दोन्ही अवघड करून ठेवते.

पहिल्या मणक्याच्या कड्याचे फ्रॅक्चर डोक्यावरून सरळ खाली दाब आल्याने होते. उन्हाळ्यात कमी पाण्याच्या विहिरीत सूर मारणारी मुले, डोक्यावर बोजा असताना पडलेला माणूस. जेफरसन यांनी १९२० मध्ये हे नीट मांडले, म्हणून त्याला त्यांचेच नाव आहे. कडे एका जागी फुटत नाही, ते दोन-तीन ठिकाणी फुटून ठोकळे बाहेर पसरतात. उघड्या तोंडाच्या फोटोत दोन्ही बाजूंचे ठोकळे खालच्या मणक्याबाहेर मिळून ७ मिलिमीटर किंवा जास्त गेले असतील, तर आडवा अस्थिबंध तुटल्याचा संशय घ्यायचा, असा जुना नियम आहे. पण तो संशयापुरताच आहे. हल्ली एमआरआय करून हा अस्थिबंध मधून तुटला आहे की हाडाचा छोटा तुकडा घेऊन सुटला आहे, हे पाहता येते, आणि फरक मोठा आहे. तुकड्यासह सुटलेला अस्थिबंध हाड जुळताना पुन्हा चिकटू शकतो. मधून तुटलेला अस्थिबंध स्वतःहून भरत नाही.

अस्थिबंध शाबूत असेल, तर बहुतेकांना मानेचा पट्टा किंवा हॅलो पुरतो. ठोकळे बरेच पसरले असतील, तर कडे तसेच वाकडे जुळते आणि कवटीचा सांधा झिजून मान कायम दुखते. अशा ठिकाणी फक्त कडे सांधता येते, म्हणजे कवटी किंवा दुसऱ्या मणक्याला हात न लावता. मागून दोन्ही ठोकळ्यांत एकेक ३.५ मिलिमीटर जाडीचा स्क्रू, त्यांच्यावर आडवा छोटा रॉड, आणि मग दोन्ही स्क्रूंची डोकी एकमेकांकडे आवळून कडे बंद करणे. ऐकायला सोपे आहे, पण स्क्रूची डोकी मागे जवळ येताना पुढच्या कमानीतली फट उघडू शकते. म्हणून डोक्याला ओढ देऊन कडे आधी शक्य तेवढे बसवून घ्यायचे आणि आवळताना उघड्या तोंडातून सी-आर्मवर दोन्ही ठोकळे पाहत राहायचे. जर्मनीत हार्म्स यांच्या गटाने २००४ मध्ये तोंडातून, घशाच्या मागच्या भिंतीतून पुढची कमान प्लेटने जोडण्याची पद्धत मांडली. पुढची फट त्यात चांगली बंद होते, मात्र जखम तोंडातल्या जंतूंच्या वाटेवर राहते.

इथे रक्तस्रावाचा इशारा द्यायलाच हवा. मेंदूला रक्त नेणारी कशेरुक धमनी पहिल्या मणक्याच्या मागच्या कमानीच्या वरच्या अंगावरून वळसा घेऊन जाते. कमानीवर मध्यरेषेपासून दोन्हीकडे साधारण दीड सेंटिमीटरच्या पलीकडे, विशेषतः वरच्या काठावर, हत्यार नेऊ नये. काही जणांत त्या धमनीवर हाडाचा पूल असतो आणि कमान जाड भासते; जाड हाड समजून त्यात स्क्रू घातला, तर तो थेट धमनीत जातो. दुसऱ्या मणक्यातही धमनीचा वळसा कधी इतका वर आणि आत येतो की स्क्रूला जागाच उरत नाही. धमन्यांचा सीटी आधी केला तर हे सगळे कळते. तो न करता या भागात स्क्रू घालणे आम्हाला मान्य नाही.

दुसऱ्या मणक्याच्या मागच्या दोन्ही दांड्या मोडतात, त्याला इंग्रजीत फाशीवाल्याच्या नावाने (हँगमन्स फ्रॅक्चर) ओळखतात. आज ते फाशीने नव्हे, वाहनाच्या धडकेत हनुवटी आपटून होते. नावाने घरचे लोक हादरतात. प्रत्यक्षात दांड्या मोडल्याने मज्जारज्जूची जागा उलट रुंद होते आणि बहुतेकांना लकवा होत नाही. ३ मिलिमीटरपेक्षा कमी सरकलेल्या, कोन न झालेल्यांना मानेचा पट्टा पुरतो. एका प्रकारात मणका फार सरकत नाही पण पुढे बराच वाकतो. त्यात डोक्याला वजन लावून ओढ दिली तर तुकडे आणखी दूर जातात. सगळ्याच फ्रॅक्चरना सरसकट ओढ लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांमधली चकती शाबूत असेल, तर मागून प्रत्येक दांडीतून एक स्क्रू घालून मागचा तुकडा पुढच्याला आवळता येतो : मागच्या तुकड्यात स्क्रूच्या जाडीचे सैल भोक, पुढच्यात बारीक. दांडीची आतली भिंत बोथट हत्याराने चाचपत दिशा ठेवायची. एकही सांधा जात नाही. चकती फाटली असेल, तर पुढून दुसरा-तिसरा मणका जोडावा. त्यात वळण जवळजवळ जात नाही. पण म्हणून मागून पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत सगळे जखडून टाकणे, म्हणजे न मोडलेला वळण्याचा सांधा फुकट घालवणे आहे.

फ्यूजनविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. पहिला-दुसरा मणका स्क्रूंनी जोडण्याची आज जगभर वापरली जाणारी पद्धत परळच्या केईएममधून आली आहे, डॉ. अतुल गोयल यांनी ती १९९४ मध्ये सहकाऱ्यासह प्रसिद्ध केली. आडवा अस्थिबंध मधून तुटलेला असेल, जन्मजात किंवा संधिवाताने सांधा सैल झालेला असेल, सुळका वर्षानुवर्षे न जुळता हलत असेल, तर तीच योग्य. तिथे हालचालीच्या मोहाने सांधा मोकळा ठेवला, तर मज्जारज्जू चिरडतो.

या दोन टोकांच्या मधे एक पर्याय आहे. तो आपल्याकडे क्वचित सुचवला जातो. सुळका ताजा मोडला आहे, पण भेगेची दिशा पुढच्या स्क्रूला चालत नाही आणि रुग्ण तरुण आहे. तिथे मागून तेच स्क्रू आणि रॉड घालावेत, पण सांध्याचे आवरण उघडू नये, कूर्चा खरवडू नये, हाडाची भर घालू नये. रॉड इथे तात्पुरता आधार असतो. सीटीवर सुळका पूर्ण जुळलेला दिसला, की साधारण सहा महिने ते वर्षभरात, दुसऱ्या छोट्या शस्त्रक्रियेने स्क्रू-रॉड काढायचे. वळण सगळे परत येत नाही, बरेचसे येते. रॉड जितका जास्त काळ राहील, तितका सांधा कडक होतो. नुसत्या एक्स-रेवर भरवसा ठेवून काढू नये, आणि काढल्यावर मान पुढे-मागे वाकवून फोटो घ्यावेत. पुढच्या कमानीपासून सुळक्याचे अंतर प्रौढात ३ मिलिमीटरच्या आत राहायला हवे.

हा पर्याय फसतो तो शस्त्रक्रियेत नाही, कागदावर. रुग्ण गावी जातो, वर्षभराने दुसऱ्या डॉक्टरकडे दाखवतो आणि कार्डावर एवढेच लिहिलेले असते : 'सी-१, सी-२ फिक्सेशन'. हाडाची भर घातली होती की नव्हती, रॉड काढायचे होते की नव्हते, कुणालाच कळत नाही आणि ते तसेच राहून जातात. म्हणून सगळ्या शल्यचिकित्सकांना विनंती की डिस्चार्ज कार्डावर मराठीत तीन ओळी लिहाव्यात : हाडाची भर घातली की नाही, पुढचा सीटी कोणत्या महिन्यात, आणि रॉड काढायचा आहे की कायमचा. नातेवाइकांनी सीटीच्या फिल्मवर समाधान न मानता तपासणी केंद्रातून सीडी मागून घ्यावी आणि कार्डाबरोबर जपावी. भेगेची दिशा फिल्मवरच्या निवडक चित्रांत अनेकदा दिसतच नाही.

आपले,
मणक्याच्या शस्त्रक्रिया करणारे अस्थिशल्यचिकित्सक, पुणे